दोन झटके म्हणजे ढील

आधीच सांगतो, या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर हसत हसत वाचत आलोय. घाटातली पांढऱ्या साडीतली बाई, मागून आलेली हाक, आपोआप बंद झालेली गाडी... बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, "हे बघ, अजून एक रिकामटेकडा." आज तो रिकामटेकडा मी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा.

पण मी हे भुताटकीसाठी लिहीत नाहीये. माझ्या मेहुणीच्या मनात मी एक काटा रुतवून ठेवलाय, आणि तो मलाच काढता येत नाहीये. म्हणून लिहितोय.

मी नाशिकरोडला राहतो. सरकारी नोकरीतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली. नाद एकच — गळ टाकून मासे धरायचा. दर रविवारी सकाळी सहा ते दहा, दसकच्या घाटावर, गोदावरीत. मरळ, शिंगाडा, नाहीतर हल्ली चिलापीच जास्त. घरी एकही मासा नेत नाही. वरून शहराचं काय काय वाहत येतं हे ज्याने पाहिलंय तो इथला मासा तोंडात घालणार नाही. धरायचा, बघायचा, सोडून द्यायचा. मालती — माझी बायको — म्हणते, "सोडायचाच तर धरता कशाला?" सतरा वर्षांत मला याचं उत्तर सापडलेलं नाही.

या नादात जोडीला माझा साडू, भास्कर. मालतीची धाकटी बहीण सुमन, तिचा नवरा. नदीच्या पलीकडे नांदूरच्या बाजूला त्याचा मळा. मेथी, कोथिंबीर, सणासुदीला झेंडू. शनिवारी माल मार्केटला गेला की रविवार याचा मोकळा. पुलावरून मोटारसायकलने यायचा आणि माझ्याशेजारी पायरीवर बसायचा. मी वयाने मोठा म्हणून मला दाजी म्हणायचा, पण मासेमारीतला गुरू तोच. मी आपला रील, रॉड, ऑनलाइन मागवलेली प्लास्टिकची बेडकी घेऊन मिरवायचो, आणि हा साध्या काठीवर माझ्या दुप्पट मरळ काढायचा. वर म्हणायचा, "दाजी, मरळीला ब्रँड कळत नाय."

शेजारी बसलं की दोरे पाण्यात एकमेकांत अडकतातच. इतर लोक अशा वेळी बोंबलतात — "ओ, ढिला सोडा, अडकलाय!" भास्करला ते खपायचं नाही. आवाजाने मासा बुजतो म्हणे. त्याने मला खूण शिकवली होती. दोऱ्याला दोन झटके, थांबायचं, पुन्हा दोन झटके. म्हणजे 'ढील द्या, मी सोडवतो.' मी रील सैल करायचो, तो दोन्ही दोरे आपल्याकडे ओढून गुंता सोडवायचा. तोंडातून शब्द नाही. सतरा वर्षांत आमचा एकही दोरा कापावा लागला नव्हता, आणि याचा त्याला फार अभिमान. मला म्हणायचा, "कापायला काय, कुणी बी कापल."

मागच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. माझ्या गळाला मरळ लागली, आणि काय मरळ हो! मांडीएवढी. पंधरा मिनिटं खेळवून पायरीपर्यंत आणली. भास्कर हातजाळी घेऊन खाली वाकला. मासा जाळीत जाणार, तेवढ्यात त्याचा हात असा काही थरथरला की जाळीची कड दोऱ्याला लागली आणि मरळ गेली.

माझं डोकं सटकलं. घाटावर आणखी सात-आठ जण होते. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "हात थरथरतात तर घरी बस ना! टाळ घे आणि भजन कर. लोकांच्या माशांचं वाटोळं कशाला करतोस?"

लोक हसले. भास्करने जाळी धुतली, माझ्या पिशवीशेजारी ठेवली आणि निघून गेला.

त्याला कंपवाताची सुरुवात झाली होती, हे मला माहीत नव्हतं. सुमनलाही त्याने सांगितलं नव्हतं. हे सगळं नंतर कळलं, हॉस्पिटलच्या फायलीत.

पुढच्या रविवारी बघतो तर हा पलीकडच्या काठावर, अगदी माझ्या समोर. आपल्या मळ्याखाली बाभळीजवळ बसलाय, डोक्याला पांढरा टॉवेल. मी इकडे, तो तिकडे, मध्ये गोदावरी. दिवाळी गेली, थंडी पडली, तीन महिने हेच. दोन बहिणी रोज सकाळी फोनवर तासभर बोलायच्या आणि दोन साडू दर रविवारी समोरासमोर बसून एकमेकांकडे ढुंकून बघायचे नाहीत. मालती म्हणायची, "अहो, तुम्ही मोठे आहात, एक फोन करा." मी म्हणायचो, "चूक त्याची, फोन मी करू?" सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. खरं तर चूक त्याची नाही हे मला पहिल्याच रात्री कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि फोन उचलून बोलणं वेगळं.

मग जानेवारीतला तो शनिवार. मालती माहेरी देवळ्याला गेली होती, मी घरी एकटा. संध्याकाळी टीव्ही बघत खिचडी खात होतो तर फोन वाजला. स्क्रीनवर नाव — भास्कर.

आणि मी... मी फोन उचलला नाही. मनातून इतका खूश झालो म्हणून सांगू! म्हटलं, आला, शेवटी आला लायनीवर. वाजू दे. तीन महिने मला तंगवलं, आता तू तंग. पुन्हा वाजला. पुन्हा उचलला नाही. फोन सायलेंट केला आणि खिचडीवर तूप घेतलं. हे तुपाचं मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदाच लिहितोय.

रविवारी सकाळी घाटावर गेलो. फोन पिशवीत, सायलेंटच. नदीवर धुकं होतं. समोरचा काठ नुसता करडा दिसत होता, बाभूळ आहे की माणूस तेही कळेना. माझ्या मनात पक्कं की भास्कर तिथेच असणार. साडेसातच्या सुमाराला दोरा जड झाला. मासा नव्हता. काहीतरी अडकलं होतं, मधल्या धारेत. थंडीत पाणी कमी असतं, दोन्ही काठांचे गळ मध्ये एकाच जागी पडतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

मग झटके आले. दोन. थांबून पुन्हा दोन.

पाणवेलीचा गठ्ठा असेल, कासव असेल, हे नंतर मला दहा जणांनी सुचवलंय. पाणवेल नुसती ओढते, सोडत नाही. कासव हिसके देतं, पण वेडेवाकडे. हे मोजून येत होते. आणि त्या खुणेची ओढ माझ्या बोटांना सतरा वर्षं ठाऊक आहे. आईच्या हाकेत जशी चूक होत नाही, तशी त्यात होत नाही.

मला राग आला नाही, उलट गुदगुल्या झाल्या. काल फोन, आज दोरा! अडला हरी... धर, अजून पाय धर. मी रील घट्ट केली आणि दोरा ताणून बसलो. दोन झटके. मी ढिम्म. दोन झटके. तोंडाने ओरड ना, म्हटलं, "दाजी" म्हणून एक हाक मार, मग बघू. असं तासभर चाललं असेल. मधेच थांबायचं, वाटायचं सुटलं, की पुन्हा दोन. शेवटी शेवटी झटके इतके हलके झाले की बोटं दोऱ्यावर ठेवून बसलो तरच कळत होते. आणि मला काय वाटलं? वाटलं, हा आता मला खेळवतोय.

मी ब्लेड काढलं आणि दोरा कापला.

ताणलेला दोरा कापला की फटकन मागे येतो. हा आला नाही. कापलेलं टोक माझ्यासमोरून पाण्यावरून हळूहळू गेलं, पलीकडच्या दिशेने. कुणीतरी सावकाश गुंडाळून घ्यावं तसं, धारेला आडवं. मी घड्याळ पाहिलं, का पाहिलं माहीत नाही. साडेआठला दोन मिनिटं कमी. नऊला धुकं उठलं. समोर बाभूळ होती. माणूस नव्हता, काठी नव्हती, काही नव्हतं.

पिशवीतून फोन काढला तर मालतीचे अकरा मिस्ड कॉल. लावला तर ती रडतच बोलली, "अहो, होतात कुठे तुम्ही? भास्कररावांना काल संध्याकाळी ॲडमिट केलंय. मेंदूत रक्तस्राव झालाय. सुमनने त्यांच्याच फोनवरून तुम्हाला दोनदा लावला... शेवटी रिक्षात घालून एकटीने नेलं तिने!"

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा सुमन आयसीयूच्या बाहेर बाकावर बसली होती. मला बघून रडली नाही, फोनचं विचारलं नाही. कालपासून भास्करची वाचा गेलीय म्हणाली. डोळे मिटलेले. मग एकदम माझ्याकडे वळली. "दाजी, तुम्ही एवढी वर्षं त्यांच्याबरोबर बसलात. मला एक सांगा. सकाळपासून ते उजव्या हाताने असं असं करत होते." तिने अंगठा आणि बोट जुळवून हवेत दोन झटके दिले. थांबली. पुन्हा दोन दिले. "सिस्टर म्हणती, आजारानं होतं तसं. पण मला वाटतं ते काहीतरी मागत होते. साडेआठला हात पडला तो पडलाच. काय मागत होते, दाजी?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "पाणी मागत असेल."

सुचलं ते बोललो. देवाशप्पथ, यापेक्षा जास्त विचार केला नव्हता.

सुमनचा चेहरा बघवेना. "पाणी... अगं बाई. डॉक्टर तोंडानं काही द्यायचं नाय म्हणाले होते. मी थेंब दिला नाय हो, दाजी."

आत जाऊन मी भास्करचा हात हातात घेतला. त्याच्या बोटाला हलकेच दोनदा ओढलं. थांबलो, पुन्हा ओढलं. सिस्टर बघत होती, तिला काय वाटलं असेल ते वाटो. तो हात काही हलला नाही. मंगळवारी भास्कर गेला.

दहाव्याला सुमनने पिंडाशेजारी पाण्याने भरलेला तांब्या ठेवला आणि आल्यागेल्याला सांगत राहिली — शेवटी पाणी मागत होते, मी दिलं नाही. उन्हाळा लागल्यावर मळ्याच्या कोपऱ्यावर, रस्त्याला लागून तिने दोन रांजण मांडले. रोज पहाटे स्वतः भरते. बाजाराला जाणारे थांबतात, पाणी पितात. जो पिईल त्याला ती गोष्ट सांगते. मालती म्हणाली, "ती रात्री स्वतः पाणी पीत नाही हो. घोट उतरत नाही म्हणते."

चार महिने मी तोंड शिवून बसलो. मागच्या रविवारी गेलो. नदीवर नाही, आता तिकडे जात नाही... थेट मळ्यात. सुमन ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. म्हटलं, "सुमन, मी तुझ्याशी खोटं बोललो." आणि एका दमात सगळं सांगितलं. न उचललेला फोन, धुकं, झटके, ब्लेड, घड्याळ. म्हटलं, "तो पाणी मागत नव्हता. माझ्याकडे ढील मागत होता. तुझा काही दोष नाही, सगळा माझा आहे."

तिने हातातली जुडी बांधून पूर्ण केली. टोपलीत ठेवली. मग माझ्याकडे बघून हसली, चार महिन्यांत पहिल्यांदा.

"दाजी," ती म्हणाली, "माझं मन हलकं व्हावं म्हणून एवढी गोष्ट रचली व्हय तुम्ही? भुताखेताला कधी मानलं नाय, आणि माझ्यासाठी तेबी बोललात."

"अगं, खरं सांगतोय! मालतीची शपथ!"

"ताईची शपथ नका घालू. हे म्हणायचे, आमचे दाजी बोलायला तिखट, पण मनानं लय चांगले. खरंच होतं त्यांचं." आणि डोळे पुसले.

मी पुन्हा सांगितलं. हात जोडले. कापलेला दोरा, वेळ, हाताची खूण, सगळं पुन्हा पुन्हा. ती मान हलवत राहिली, लहान मुलाची समजूत काढावी तशी. आणि मी तरी काय म्हणून भांडणार? असा दोरा नदीच्या मधोमध कुणी कसा ओढतो, हॉस्पिटलच्या पलंगावरून, हे तिला पटवायला मुळात ते मला समजायला हवं ना! मला नाही समजलेलं. ज्याला समजलं असेल त्याने खाली कॉमेंटमध्ये लिहावं, पण मला नको, तिला सांगावं. माझ्या तोंडून तिला फक्त खोटं पटलं.

ऊन चढलं होतं. सुमन उठली, रांजणातून तांब्या भरून आणला आणि माझ्या हातात दिला. "घ्या," म्हणाली, "त्यांच्या नावाचं आहे."

मी प्यायलो.