आत्याचे पौष्टिक लाडू

आत्याच्या हातचं खाऊन आजवर कोणाचं काही वाईट झालेलं नाही, असं मी पूर्वी चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे. झालं असेल तर फक्त जिभेचं. हल्ली मी तसं सांगत नाही. आत्या म्हणजे माझ्या बायकोची आत्या, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, आणि सासूबाई लवकर गेल्या. तेव्हा मुलुंड पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत ही दोघं भावंडंच राहत. माझं लग्न ठरलं तेव्हा मित्रांनी बजावलं होतं, मालवणी सासुरवाडी आहे, पोट सांभाळ. पहिल्याच वर्षी माझं वजन चार किलोने उतरलं. बायको म्हणाली, आत्याचा तुझ्यावर फार जीव आहे.

आत्याने एका औषधाच्या कंपनीत तीस वर्षं गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरल्या होत्या. एवढ्या गोळ्या ज्याच्या हाताखालून गेल्या तो माणूस अर्धा डॉक्टर होणारच, असं तिचं प्रामाणिक मत होतं. पण तिच्या पथ्याच्या वेडाचं मूळ कंपनीत नव्हतं, ते तिच्या आईत होतं. आईला मधुमेहाने हळूहळू खाल्लं. आधी डोळे गेले, मग उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला आणि त्यानंतरची चार वर्षं आत्याने तिला एकटीने उचललं, ठेवलं, पुसलं. पुढे भावाच्या रिपोर्टात तीच साखर निघाली. त्या दिवशी आत्या रिपोर्ट हातात धरून म्हणाली, "ह्याचा पाय मी जाऊ देणार नाही." आई तर उत्तम सुगरण होती. तेव्हा आत्याने ठरवलं की घरात पदार्थ आईचेच व्हायचे, फक्त आईला ज्याने मारलं ते त्यांतून काढून टाकायचं. ते काढल्यावर पदार्थात काय उरतं, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. तो आम्हाला पडायचा, पानावर बसल्यावर.

कोंबडी-वड्यांतले वडे ती उकडायची. उकडलेला वडा धड वडाही राहत नाही आणि त्याची इडलीही होत नाही; रश्श्यात बुडवला की विरघळून नाहीसा होतो, आणि खरं सांगायचं तर नाहीसा झाला की बरं वाटतं. रश्श्यात खोबऱ्याऐवजी किसलेला दुधी. करंज्या तळायच्या नाहीत, भाजायच्या. पहिल्या दिवाळीला मी तसली एक करंजी चावली आणि माझी दाढ हलली. "दात दाखवून घ्या, जावईबापू," आत्या म्हणाली, "कॅल्शियम कमी दिसतंय." एकादशीला साबुदाण्याच्या जागी ओट आले. उपासाला ओट चालतात का, असं बायकोने भीत भीत विचारलं, तर उत्तर आलं, "शास्त्र लिहिलं तेव्हा ओट नव्हते. असते तर चालले असते." गणपतीत तर मोदकांची पारी नाचणीची. ते काळपट मोदक बघून शेजारच्या काकूंनी दबक्या आवाजात विचारलं, "अहो, बाप्पाला हे?" आत्या म्हणाली, "त्याचं पोट बघितलंत? खरी गरज त्यालाच आहे." सासरे या सगळ्यापुढे मान खाली घालून जेवत. मूळचा खादाड, हसरा माणूस, पण बहिणीने वाढलेलं ताट त्यांनी एकदाही परत केलं नाही.

या वाळवंटात खाण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे आत्याचे लाडू. आईचे रव्याचे लाडू तिने मोडीत काढले आणि त्यांच्या जागी नाचणी, खजूर, डिंक आणि भरपूर गूळ घालून नवे लाडू आणले. साखर विष, गूळ औषध, यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. हे लाडू मात्र खरोखर झकास व्हायचे. सासऱ्यांना ती रोज सकाळी एक देई आणि समोर उभी राहून संपेपर्यंत बघे. त्यांची साखर वाढली की ती भात कमी करी. आणखी वाढली की पोळी कमी करी. मग साहजिकच त्यांना थकवा येई, आणि थकव्यावर उपाय म्हणून लाडवाचे दोन झाले. "खा रे मेल्या, गुळाचो असा," ती म्हणायची, आणि ते खायचे. गुळाबद्दल मला शंका नव्हती असं नाही. कुठेतरी वाचलं होतं, ऑफिसातही कोणी बोललं होतं. पण दर रविवारी माझ्याही बशीत दोन लाडू पडत आणि त्या घरातून मला मिळणारा तेवढाच आनंद होता. मी गप्प बसलो. याची मला आजही लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना नवी चप्पल लागली. साधा फोड. त्यांनी तो पंधरा दिवस मोज्यात लपवला. तो उघडा पडला तेव्हा अंगठा काळा झाला होता. आधी अंगठा काढला, मग अर्धं पाऊल, आणि शेवटी आईचा कापला होता तिथूनच, गुडघ्याखालून, पाय गेला. त्या सगळ्या दिवसांत आत्या रडली नाही. ती हॉस्पिटलच्या बाकड्यावर ताठ बसून राहायची. पाय कापल्यानंतर तिसऱ्या दिवशी तिथली आहाराची माहिती विचारणारी एक तरुण मुलगी आली आणि म्हणाली, रोज काय काय खातात ते सगळं सांगा. आत्या पहिला नंबर आलेल्या मुलीसारखी उभी राहून सांगू लागली. तेल किती, मीठ किती, भात कधी बंद केला. "आणि सकाळी दोन लाडू. गुळाचे."

लिहिता लिहिता मुलगी थांबली. "रोज?"

"रोज. चार वर्षं. साखर नाही हो, गूळ."

"आजी, गूळ काय आणि साखर काय, रक्तात गेल्यावर सारखंच."

"पण त्यात खजूरसुद्धा आहे," आत्या म्हणाली. मुलीने तेही लिहून घेतलं.

डॉक्टरांनी नंतर पुष्कळ समजावलं. सासरे गोळ्या चुकवत होते, जखम लपवली होती, आजार घराण्यातच होता. आत्याने त्यातलं एक अक्षर ऐकलं नाही. घरी येऊन तिने डिंकाचा आणि गुळाचा डबा सोसायटीच्या कचऱ्यात नेऊन टाकला आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरात ती फक्त मुगाची खिचडी करू लागली.

एका दुपारी ती दळणाला गेली असताना सासऱ्यांनी मला जवळ बोलावलं. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "डॉक्टर केव्हापासून सांगत होते, गूळ बंद करा म्हणून."

"मग आत्याला सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय केलं असतं तिने? आईला वाचवता आलं नाही म्हणून मला वाचवत होती. सकाळी लाडू देताना तिचं तोंड बघितलंत कधी?" मग चोरी पकडल्यासारखे हसले. "आणि खोटं कशाला बोला. आवडायचे मला. ती आंघोळीला गेली की तिसरा खायचो." हे तिला कधी सांगायचं नाही, अशी त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला आत्याने त्यांना ओवाळलं. तोंडात घालायला ताटात गोड काही नव्हतं, काकडीची एक चकती होती. सासऱ्यांनी ती बघितली आणि म्हणाले, "गे बाय, मी काय ससो?" आम्ही सगळे हसलो, आत्या हसली नाही. होळीच्या आधी हृदय थांबून ते गेले.

त्यानंतर आत्या कोणालाच काही सुधारून घालत नाही. मी गेलो की पुढे चहा येतो, साखरेचा, आणि शेजारी बेकरीची खारी. मी वडे मागितले तर म्हणते, खालच्या पोळीभाजीवाल्या बाई चांगले तळतात, आणा तिकडून. जी बाई गणपतीच्या पोटाचीही काळजी करायची तिने जगाला त्याच्या नशिबावर सोडून दिलेलं बघवत नाही. मला कधी वाटलं नव्हतं, पण मला त्या उकडलेल्या वड्यांची आठवण येते.

गेल्या दिवाळीत ती खिडकीशी बसली होती. खाली मुलं फटाके लावत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मीच मारलं हो त्याला. माझ्या हाताने." तेव्हा माझ्याने राहवलं नाही. शपथ मोडली आणि सांगून टाकलं, की त्यांना ठाऊक होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी ते खात होते.

तिने विचारलं, "खरं सांगा. त्याला आवडायचे, का माझं मन राखायला खायचा?"

आवडायचे म्हणावं तर तिनेच त्यांना चटक लावली. मन राखायला म्हणावं तर तिच्या मायेनेच त्यांचा जीव घेतला. यातलं कोणतं उत्तर तिला कमी लागेल, ते मला ठरवता येईना. शेवटी मी जे खरं होतं तेच बोललो. "आवडायचे, आत्या. तुम्ही आंघोळीला गेलात की तिसरा चोरून खायचे."

"तिसरा?" तिने माझ्याकडे वळून बघितलं. "आणि डबा लवकर संपतो म्हणून मी संशय तुमच्यावर घ्यायचे." ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. "मेल्याने सांगायचं तरी. मी आणखी लहान वळले असते."

केवढे, ते तिने बोटांनी दाखवलं, सुपारीएवढे. आणि मग डोळे पुसायचे राहून गेले, कारण तो हात तिने बराच वेळ तसाच धरून ठेवला होता.