जयवंत मेस्त्रींची सायबीण

लालबागच्या एका गल्लीत जयवंत मेस्त्रींचा गणपतीचा कारखाना आहे आणि त्या कारखान्यात कायदा एकच: डोळे होईपर्यंत देव आलेला नसतो. तोवर मूर्ती म्हणजे नुसतं सामान. तिच्या खांद्यावर शर्ट वाळत घाला, सोंडेला टेकून चहा प्या, तिच्यासमोर एकमेकांचा उद्धार करा, जयवंत काही बोलणार नाहीत. उलट काही राहिलं असेल तर ते स्वतः भर घालतील. पण एकदा डोळ्यांची आखणी झाली की संपलं. रेडिओ बंद, शिव्या बंद, चपला बाहेर. आणि उघडलेल्या डोळ्यांना पुन्हा ब्रश लावायचा नाही. कोणी म्हणालं, "मेस्त्री, डावा जरा बारीक वाटतो," तर जयवंत ब्रश धुता धुता सांगणार, "तेका इचार. आता तो इलो आसा."

वर ठेवणीतलं वाक्य यायचं: "माझी मूर्ती कधी परत येवक नाय." आजवर एकही गिऱ्हाइकाने परत पाठवलेली नाही, हे ते इतक्यांदा म्हणायचे, की त्यांची बायको शांता ते त्यांच्याआधी पूर्ण करायची, मान तशीच तिरकी करून, मधला आवंढासुद्धा तसाच गिळून.

अशा माणसाकडे ऐन सीझनमध्ये माझगावचे फादर आग्नेल आले. चर्चमधल्या मरियामातेच्या जुन्या लाकडी मूर्तीला वाळवी लागली होती. सप्टेंबरात मातेच्या वाढदिवसाचा सण, त्याच्या आत नवी हवी होती. फादर मूळचे गोव्याचे. ते कोकणीत बोलायचे, जयवंत मालवणीत उत्तर द्यायचे आणि समोरच्याची भाषा थोडी बिघडलेली आहे असं दोघांनाही वाटायचं.

फादरांबरोबर कमिटी होती. कमिटी म्हणजे दोन माणसं. एक सॅव्हिओ, डिझायनर. बोलताना दोन्ही हातांनी हवेत अदृश्य मडकं घडवायचा. "अंकल, आपल्याला काहीतरी कॉन्टेम्पररी हवंय. फेस नकोच. नुसता एक फॉर्म. एक प्रेझेन्स. कळतंय ना?"

दुसऱ्या हिल्डा आंटी, माझगावच्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, चर्चच्या पहिल्या बाकावरच्या कायमच्या रहिवासी. "चेहरा नाय, तं नवस कोनाला बोलू?" त्या म्हणाल्या. "ट्यूबलाइटला?"

फादरांनी तोड काढली. चेहरा असेल, पण इटलीची गोरी बाई नको. इथली हवी, हिल्डा आंटींची आई नेसायची तसलं चौकड्यांचं लुगडं नेसलेली. सॅव्हिओच्या समाधानासाठी मुकुटाच्या जागी पितळी तारेचं एक कडं. मग फादरांनी अट घातली. मूर्ती नवी असो, जुन्या पद्धतीची असो, देखणी असो, तेवढ्याने ती पवित्र होत नाही. सणाच्या आधीच्या रविवारी ती वेदीवर ठेवायची. तिच्यापुढे माणसांना प्रार्थना करावीशी वाटली, तर फादर आशीर्वाद देऊन तिची तिथेच स्थापना करणार. "ना जाल्यार, हॉलांत."

"हॉलात काय आसा?" जयवंतांनी विचारलं.

"टेबल टेनिस."

जयवंतांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांची मूर्ती जन्मभर इकडून तिकडे चेंडू बघत उभी राहणार, हे चित्र त्यांना काही सोसेना.

फायबरची सायबीण गणपतींच्या गर्दीत उभी राहू लागली. फादर मातेला सायबीण म्हणायचे, कारखान्यानेही तेच उचललं. गणपती बुक करायला आलेले लोक जाता जाता तिलाही हात जोडायचे.

"कुठल्या मंडळाची देवी, मेस्त्री?"

"माझगावची."

"विसर्जन?"

"नाय. ही पर्मनंट."

एकदा फादर न सांगता आले. सायबिणीच्या एका हातावर कोणाचा तरी टॉवेल होता आणि गळ्यात डब्याची पिशवी. फादरांचा चेहरा उतरला. "जयवंत, हें कितें?"

"फादरानू, ती अजून येवक नाय. डोळे झाले की येतली."

फादरांनी सायबिणीचे कोरे डोळे बघितले. मग स्वतःची ओली छत्री त्यांनी तिच्या दुसऱ्या हातावर अडकवली आणि खुर्ची ओढून बसले.

डोळे झाले त्या दिवशी टॉवेल, पिशवी सगळं निघालं आणि कारखाना गप्प झाला. "चेहरा वहिनींचा घेतला काय?" एका कारागिराने हळूच विचारलं. शांता म्हणाली, "माझो असतो तर इतको शांत दिसलो नसतो."

ठरल्या रविवारी जयवंत आणि शांता माझगावला पोचले. चपला बाहेर काढायच्या की नाही हे विचारायला कोणी दिसेना, म्हणून जयवंतांनी त्या हातात घेतल्या आणि दोघं कडेच्या खांबाशी उभी राहिली. सायबीण उंच वेदीवर उभी होती. हिल्डा आंटी पहिल्या बाकावर बसल्या, वर बघितलं, डावीकडे कलल्या, उजवीकडे कलल्या, उभ्या राहिल्या.

"ती माज्याकडं बगत नाय," त्या म्हणाल्या. अख्ख्या चर्चने ऐकलं.

जयवंतांनी बघितलं आणि काय झालंय ते त्यांना कळलं. जन्मभर त्यांनी मंडळांचे गणपती केले होते. मंडळाच्या गणपतीची नजर लावायची ती बांबूंच्या पलीकडे, रांगेच्या शेपटाला ताटकळणाऱ्या माणसावर. हाताने सवयीने तेच केलं होतं. इथे रांग कुठली? सगळे समोर बसलेले आणि सायबीण त्यांच्या डोक्यांवरून थेट मोठ्या दाराकडे बघत होती.

"डिस्कनेक्ट आहे, अंकल," सॅव्हिओने कानाशी येऊन सांगितलं. हवेतलं मडकं फुटल्यासारखे त्याने हात केले.

"हॉलात न्या," हिल्डा आंटी म्हणाल्या.

"मिस्स जावं दी," फादर म्हणाले. आधी मिस्स, म्हणजे रविवारची उपासना, होऊ दे, मग बघू.

जयवंतांनी पिशवीतून बारीक ब्रश काढला. "मिस्स झाली की शिडी लावतंय. बुबुळां खाली घेतंय."

"आणि तुमचो कायदो?" शांताने विचारलं.

"कायदो लालबागचो. ह्या माझगाव."

पण ब्रश त्यांनी चपलांच्या आड धरला.

मिस्स सुरू झाली. दारात हिल्डा आंटींचे यजमान ऑस्बर्ट अंकल उभे होते, काखेत हेल्मेट, एक पाय आत, एक पायरीवर. धाकटा मुलगा गेल्यापासून त्यांनी देवाशी बोलणं टाकलं होतं. बायकोला स्कूटरवरून सोडायचं आणि फादरांचं प्रवचन सुरू झालं की सिगरेट ओढायला बाहेर पडायचं, एवढाच संबंध.

प्रवचन सुरू झालं. अंकलनी सिगरेट काढली, सहज वर बघितलं आणि थांबले. मागे वळून पाहिलं, ही कोणाकडे बघते म्हणून. मागे रस्ता. ते चौकटीच्या डावीकडे सरकले, मान काढून बघितलं. उजवीकडे सरकले, पुन्हा बघितलं. लालबागची नजर ती, रांग कुठेही वळली तरी माणूस सोडत नाही. जयवंत खांबाआडून हे बघत होते.

अंकलनी सिगरेट पाकिटात घातली, पाकीट खिशात. हेल्मेट जमिनीवर ठेवलं. शेवटच्या बाकावर टेकले आणि थोड्या वेळाने गुडघ्यांवर आले. ओठ हलायला लागले. प्रार्थना करत होते की भांडत होते, हे लांबून कळत नव्हतं.

मिस्स संपली. हिल्डा आंटी नेहमीसारख्या दाराकडे वळल्या. दारात नुसतं हेल्मेट. मग त्यांना शेवटचा बाक दिसला. त्या मधल्या वाटेने चालत गेल्या, नवऱ्याशेजारी बसल्या आणि तिथून वर बघितलं.

"बगते," त्या म्हणाल्या. "हितनं बगते."

सॅव्हिओ हॉलच्या किल्ल्या घेऊन आला होता. फादरांनी त्याच्याकडून त्या काढून घेतल्या आणि त्याला पवित्र पाणी आणायला पाठवलं. जयवंतांनी ब्रश पिशवीत टाकला.

चालत बरंच पुढे आल्यावर त्यांना कंठ फुटला. "मुद्दाम केलंय मी तसा. दाराकडचो माणूस इचारात घेवन. माझी मूर्ती..."

"...कधी परत येवक नाय," शांताने मान तिरकी करून, आवंढा गिळून पूर्ण केलं. "आता हातातल्या चपला घाला. भायखळा इला."