दोन टिंबांमधली रेघ

मामा गेल्याचा फोन पलूसहून आला तेव्हा मी कुणाच्या तरी वास्तुशांतीची पत्रिका कॉम्प्युटरवर मांडत बसले होते. यात्रेसाठी म्हणून ते चार दिवस गावी गेले होते. सकाळी चहा घेतला, ओसरीवर टेकले आणि बसल्या जागी गेले. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. मी रडले नाही असं नाही. पण भेटायला येणारी माणसं ‘फार वाईट झालं’ म्हणायची, मी मान हलवायची, आणि आतून मात्र मला हायसं वाटत असायचं... महिना उलटून गेलाय, आता हे लिहायला हरकत नाही. दुखण्यातून सुटले म्हणून नव्हे. दुखण्याने पुरतं गिळायच्या आधी त्यांचं काम त्यांना परत मिळालं होतं, म्हणून.

मामा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीमागची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आला तेव्हा ते डगमगले नाहीत. “फ्लेक्स उनानं इटतंय, माजं अक्षर न्हाई,” असं ठणकावून सांगायचे. पण मग हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात. ब्रश माळ्यावर गेले आणि माझ्या नवऱ्याने मामांना सांगलीला, विश्रामबागेत आमच्याकडे आणलं. इथे ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. ताट पुढ्यात निवून जायचं. काही विचारलं तर वसकन अंगावर यायचे. चहा सांडला की मान फिरवून घ्यायचे, आणि तेव्हा त्यांच्याकडे बघू नये एवढं मला कळत होतं. माणूस असाच खंगत जाणार, याची आम्हा दोघांना धास्ती बसली होती.

मी घरातूनच पत्रिका आणि बॅनर डिझाइन करते. गावाकडच्या तालमीला नवी कमान झाली होती, तिच्यावर स्टीलची अक्षरं बसवायची होती. मी अक्षरांची फाईल करून द्यायची, मशीन त्याबरहुकूम पत्रा कापणार. जुनी पाटी मामांनी रंगवलेली. मी सहज म्हटलं, “मामा, अक्षरं तुम्हीच काढा की.”

“कशानं? शेपटानं?” मामा म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी आपणहून खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. आधी चौकोन, मग गोल. माऊस दाबून ओढायचा की झालं. त्यांनी पडदाभर चौकोन मांडले आणि एकेकात रंग भरत बसले. मी खूश. त्याच खुशीत मी त्यांना हाताने मोकळी रेघ मारायची पेन्सिल दिली आणि घोटाळा झाला. हाताचा कंप जसाच्या तसा पडद्यावर उमटला. ते बघत राहिले. “चार मानसांत धोतार सुटल्यागत झालं बग,” म्हणाले आणि गॅलरीत निघून गेले. आता हे काही परत यायचे नाहीत, असंच मला वाटलं.

रात्रभर मला चुटपुट लागली होती. सकाळी मी त्यांना हाताला धरूनच आणलं आणि दुसरं पेन दाखवलं. “इथं एक टिंब द्या. आता तिथं एक द्या.” दोन टिंबांमध्ये सरळ रेघ उमटली.

“मदली रेग कुनी काडली?”

“कॉम्प्युटरने.”

“आन त्येचा हात न्हाई कापत?”

“आवं मामा, त्याला हातच नाही.”

कितीतरी दिवसांनी ते हसले. डाव्या हाताने उजवं मनगट धरायचं, टिंब द्यायचं. चुकीच्या जागी पडलं तर मागाहून सरकवायचं. टिंबातून निघणारी दांडी ओढली की रेघ वाकते, हे कळल्यावर तर त्यांना जेवायला हाका मारायची वेळ आली. एकदा मी स्वयंपाकघरातून येऊन बघते तो काय, साहेबांनी खडू लावलेली दोरी मॉनिटरवर ताणून टणत्कार दिलेला! पाटी रंगवायच्या आधी भिंतीवर मारतात तशी पांढरी ओळ थेट काचेवर. मी पान सरकवलं तशी अक्षरं वर गेली आणि ओळ तिथेच राहिली.

“आगं, ही हालंना की!” मामा ओरडले. मी हसून हसून खालीच बसले. मग कडेच्या पट्टीतून ओढून घ्यायची निळी ओळ दाखवली. ती त्यांना पसंत पडली, कारण पुसावी लागत नाही.

‘जय हनुमान तालीम’ पुरं झालं तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. “इवलंसं हाय. कमानीएवढं केल्यावर कडंला फाटंल.” यात कितीही मोठं केलं तरी फाटत नाही, हे त्यांना काही केल्या पटेना. कमानीवर अक्षरं चढली तेव्हा ते तिच्याखाली मान वर करून उभे राहिले. पोरांनी खुर्ची आणली तरी बसले नाहीत. “न्हाई फाटलं,” एवढंच म्हणाले. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी भाकरी मागून घेतली.

ते गेल्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला. बाकी मजकूर तयार अक्षरात घातला, पण नावाला मन होईना. मामांचं नाव मारुती. तालमीच्या पाटीतून त्यांचा ‘मा’ मिळाला, ‘त’ला वेलांटी जोडून ‘ती’ झाला. ‘रु’ मात्र कुठे नव्हता. तो मी काढायला बसले. काढला, पुसला... पुन्हा काढला. दर वेळी तो पाव्हण्यासारखा मधे उभा दिसायचा. शेवटी टिंबं देत, सरकवत एकदाचा त्यांच्यात बसला, तरी माझी खात्री नव्हती.

दहाव्याला मामांचे जोडीदार बापू पेंटर आले. दोघांनी एकाच उस्तादाकडे उमेदवारी केलेली. बापू चौकात फ्लेक्ससमोर उभे राहिले, चष्मा लावला आणि नावावरून सावकाश बोट फिरवलं. ‘मा’वरून ‘रु’वर, ‘रु’वरून ‘ती’वर. बोट मधे कुठे अडलं नाही.

“ह्यो गडी सवताचं नाव सवताच लिवून गेला व्हय गं?” बापू म्हणाले. “आन लोकं म्हनत हुती, मारुतीचा हात कापतोय. कुटं कापतोय?”