साडूचा खड्डा

मुकादमांना आयुष्यात कुणाच्या बंगल्याचा हेवा वाटला नाही, कुणाच्या गाडीचा वाटला नाही, आणि मोठ्या साहेबांच्या खुर्चीचा तर नाहीच नाही, कारण तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना हेवा वाटला तो एका खड्ड्याचा.

खड्डा साडूनं खणला होता. इथेच सगळं आलं.

मुकादम म्हणजे नगरपालिकेच्या पावसाळी गटारांचे मुकादम. तरुणपणी गाळ उपसणाऱ्या टोळीत लागले आणि बुद्धीपेक्षा आवाजाच्या जोरावर वर चढले, असं त्यांची बायको म्हणे. चेंबरमध्ये उतरलेल्या माणसाला वरचं बोलणं ऐकू जावं लागतं. ते ऐकवता ऐकवता घरातही तोच आवाज लागला. जेवताना "मीठ दे" म्हणाले, की शेजारची बाई वाटी घेऊन दारात.

कामावर मात्र माया फार. रस्त्यानं जाताना लोक दुकानांच्या पाट्या वाचतात, हे गटारांची झाकणं बघत चालत. एखादं झाकण तिरकं दिसलं तर पोटच्या पोराच्या शर्टाची चुकलेली गुंडी लावावी तसं ते बुटानं सरळ करून पुढे जात.

त्यांचं लग्नही गटारानंच जमवलं. सासूबाई कपडे शिवत. तळमजल्यावरची एक खोली, दारातच शिलाई मशीन, आणि घर रस्त्याच्या अगदी खालच्या टोकाला. पाऊस जरा जोरात झाला की सगळ्या रस्त्याचं पाणी पाहुण्यासारखं थेट आत. मुकादम मुलगी बघायला पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा नेमकं तेच झालं. हे उठले, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बाहेर जाऊन झाकण उचललं आणि सळईनं असं काही ढोसलं की पाणी डचमळत, गुरगुरत खाली गेलं. सासूबाई मशीनला कवटाळून उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पोरगा कामाचा आहे." मुलीला विचारायचं त्या विसरल्याच. मुलीनं नंतर आठवण करून दिली, पण तोवर तिचंही मत झालं होतं.

तेव्हापासून सासरचा मान पक्का. पाऊस पडायला लागला की मुकादम फोनकडे बघत बसत. फोन वाजे. "मोठे जावई, आलं हो पाणी!" त्या हाकेत काय गोडवा होता म्हणून सांगू! हे टोळी घेऊन निघत, गल्लीत शिरताच "आले, मुकादम आले" अशी कुजबुज होई, आणि पाणी उतरलं की सासूबाई सगळ्यांदेखत म्हणत, "हे आहेत म्हणून मी आहे."

एक गोष्ट मुकादमांना कळत होती, पण ते बोलत नव्हते. शहर वाढत होतं. वरच्या टेकडीवर एकामागून एक उंच इमारती उठल्या, मोकळ्या जागांवर फरशा आल्या, मातीचे रस्ते काळे झाले. पूर्वी जे पाणी वाटेतच जिरून जायचं ते आता धावतपळत खाली यायचं. गटाराचा पाईप मात्र तोच, जुना. पोरगं पुरुषभर उंच झालं आणि अंगात अजून शाळेची चड्डी, असला प्रकार. दरवर्षी पाणी उतरायला जास्त वेळ लागत होता. सासूबाईंना वाटे, जावई फार कष्ट घेतात.

आणि मग साडूनं खणायला घेतलं.

साडू बागखात्यात माळी. धाकट्या मेहुणीचा नवरा. हळू आवाजाचा, नखांत कायम माती असलेला, रोपांशी बोलणारा माणूस. मुकादमांचा त्याच्यावर जीव होता, पण आपण ज्याच्यापेक्षा वरचढ आहोत त्याच्यावर जडतो तसा. "बिचारा" हा शब्द लावल्याशिवाय ते त्याचं नावही घेत नसत.

सासूबाईंच्या घराच्या बरंच वर, रस्त्याच्या वळणावर पालिकेची रिकामी जागा होती. एके सकाळी मुकादम तिथून जात होते, तर हा बिचारा कमरेएवढ्या खड्ड्यात उभा.

"काय साडूभाऊ, म्हशी डुंबायला सोडणार की काय?"

"नाही दादा, पाणी मुरवायचंय."

"मुरवायचंय? लोणचं आहे का ते?"

साडू हसला. त्याला टोमणा लागतच नसे, ही मुकादमांची जुनी तक्रार. उलट तो समजावून सांगायला लागला. "खाली मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू, वर भुसभुशीत माती. त्यात पाण्यातही तगतात अशी गवतं लावायची. फुटपाथच्या कडेला ही खाच ठेवलीय ना, तिच्यातून रस्त्याचं पाणी आत येईल, थांबेल, सावकाश जमिनीत जाईल. अगदीच जास्त झालं तर हा पाईप आहे, तुमच्या गटारात."

"म्हणजे उष्टं आमच्याकडे!"

मुकादम घरी येऊन तासभर हसले. बायको म्हणाली, "एवढं हसताय म्हणजे काहीतरी खुपतंय."

पुढच्या मोठ्या पावसात ते बूट घालून तयार बसले. पाऊस कोसळत होता आणि फोन गप्प. तो बिघडला असावा म्हणून त्यांनी उचलून हलवून पाहिला. शेवटी स्वतःच लावला.

"आई, पाणी आलं ना?"

"कुठलं हो? नाही आलं."

"नीट बघा. पलंगाखाली?"

"पलंगाखालीही कोरडं आहे. अहो, सगळं धाकट्या जावयांच्या बागेत जातंय. काय शहाणी बाग आहे! मी खिडकीत बसून बाह्या शिवतेय."

मुकादमांनी बूट काढले. एक बूट काढायला त्यांना इतका वेळ लागला की बायको विचारायला आली, पाय सुजलाय का.

त्या दिवसापासून सासरी जायचं म्हणजे परीक्षाच. धाकटे जावई असे, धाकटे जावई तसे. बागेत जांभळी फुलं आली. फुलपाखरं आली. कुठल्याशा पिवळ्या पक्ष्यानं तिथे घरटं केलं. मुकादमांना वाटलं, इतकी वर्षं मी सळई मारली, माझ्या गटारावर एक चिमणी कधी बसली नाही. साहेबांनीही बाग पाहिली. हा पाऊसकाळ बागेनं नीट काढला, तर शहरात आणखी कोपऱ्यांवर अशाच बागा करायच्या आणि सगळ्या साडूच्या हाताखाली, असं ठरलं. साडू रोपं वाढवायला दूरच्या रोपवाटिकेत गेला. जाताना हात जोडून म्हणाला, "दादा, येता-जाता बागेवर नजर असू द्या."

मुकादमांची नजर होतीच. तिला काय म्हणतात ते सांगायला नको.

तर त्यांच्या टोळीला त्यांनीच घालून दिलेला एक दंडक होता: फुटपाथची कड फुटलेली दिसली, की विचारत बसायचं नाही, बुजवायची. फुटक्या कडेतून माती गटारात जाते. टोळीतला गवंडी दुसऱ्या भागातून नव्यानंच आला होता. त्याला साडू माहीत नाही, बाग माहीत नाही. एके दुपारी मुकादम वळणावर आले तेव्हा तो थापी धुवत होता.

"साहेब, कुणीतरी कड फोडून ठेवली होती. बुजवली. बघा बरं, सांगता येतंय का कुठे होती?"

मुकादमांनी बघितलं. काम सुरेख होतं. गुळगुळीत, सरळ, सांधा दिसत नव्हता. "अरे गाढवा, ती खाच होती" हे वाक्य त्यांच्या घशापर्यंत आलं. ते बाहेर पडलं असतं तर टेकडीवर ऐकू गेलं असतं. पण त्यांना खिडकीतल्या बाह्या आठवल्या, जांभळी फुलं आठवली, आणि तो पिवळा पक्षीसुद्धा.

"छान झालंय," ते म्हणाले. इतक्या हळू, की गवंड्यानं विचारलं, "साहेब, बरं नाही का?"

वरच्या गवताची पाती कडेवर लोंबत होती. दोन-चार दिवसांत त्या पात्यांनी ती जागा झाकूनही टाकली.

आणि मग आभाळ फाटलं. भरदुपारी फोन वाजला.

"मोठे जावई! आलं हो पाणी!"

मुकादम असे निघाले की बायकोला छत्री द्यायला जिन्यापर्यंत धावावं लागलं. गल्लीत शिरले तर रस्त्याचा ओढा झालेला. "आले, मुकादम आले!" कुणीतरी खरंच म्हणालं. त्यांनी पहारीनं झाकणं उचलली, सळई घातली. पण पाईप गळ्यापर्यंत भरला होता. पाणी जेवढं जाई तेवढं मागून येई. सासूबाई उंबऱ्यात उभ्या, पदर खोचलेला, मशीन पलंगावर चढवलेलं.

"बरं झालं तुम्ही आहात," त्या म्हणाल्या. "त्या बागेचं काही खरं नाही हो. नुसती शोभा."

हेच ऐकायला मुकादम आसुसले होते. आता कानांवर आलं, तर ताप आलेल्या माणसानं पक्वान्न तोंडात घालावं तशी गत. चवच लागेना. त्यांनी पहार उचलली आणि कारण नसताना चढावर चालू लागले.

वळणावर साडू होता. बातमी ऐकून रोपवाटिकेतून तसाच धावत आलेला. बागेत गुडघ्यांवर बसून तो गवताचे गड्डे मुळासकट उपटत होता, त्याच हातांनी लावलेले. समोरच्या इमारतीतला एकजण गच्चीतून ओरडला, "माळीबुवा, रस्त्यावर ओढा आणि तुमची बाग तहानलेली! चमच्यानं पाजा की!"

"दादा," साडू मान वर न करता म्हणाला, "माझीच माती चुकली. बारीक गाळानं तोंड बंद झालं असणार. पाणी आत घेतच नाहीये. आईंच्या घरात पाणी गेलं ना? उद्या साहेबांना सांगतो, बाकीच्या बागा राहू द्या. मला नाही जमायचं हे."

कुणाला दोष नाही, की कुणाचा संशय नाही. तो थोडा जरी चिडला असता, "तुमच्या लोकांनी काही केलं का" म्हणाला असता, तरी मुकादम त्याच्याशी झकास भांडले असते आणि घरी जाऊन शांत झोपले असते. तेवढीही सोय त्या माणसानं ठेवली नाही. त्यानं आणखी एक गड्डा उपटला. त्याच्या मुळांना पांढरी, नवी मुळं फुटलेली दिसत होती.

"थांबा!"

हा आवाज टेकडीवर खरंच गेला. गच्चीतला माणूस आत पळाला. मुकादमांनी लोंबतं गवत बाजूला सारलं आणि कडेवर पहार घातली. गवंड्याचं काम चांगलं होतं, फार चांगलं. त्याला मनातल्या मनात शिव्या आणि शाबासकी एकदमच देत ते घाव घालत राहिले. अखेर कपची उडाली, मग तुकडा निघाला, आणि रस्त्याचं पाणी क्षणभर घुटमळून मान वळवल्यासारखं आत शिरलं. साडू तसाच चिखलात बसून बघत राहिला. पाणी त्याच्या गुडघ्यांभोवती आलं, थांबलं, आणि गवताच्या बुडाशी बुडबुडे सोडत खाली जायला लागलं.

"माती तुमची बरोबर आहे," मुकादम म्हणाले. "खाच बुजवली होती. माझ्या माणसानं."

"त्याला काय माहीत, दादा..."

"मला माहीत होतं."

साडू चिखलातून उठला. त्यानं उपटलेला एक गड्डा मुकादमांच्या हातात दिला. "धरा. हे पुन्हा लावून घेऊ." दोघांनी मिळून लावले. मुकादमांनी लावलेले तीन तिरके लागले, ते साडूनं सरळ केले.

खाली आले तेव्हा रस्त्यावरचं पाणी उतरलं होतं. सासूबाईंनी दोघांना नखशिखांत न्याहाळलं. मुकादमांनी दारातच सगळं सांगून टाकलं, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे गल्लीलाही सांगून झालं. आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घालून उभे राहिले.

सासूबाई आत गेल्या आणि दोन जुनी, मोठी फडकी घेऊन आल्या.

"दोघं मिळून पुसा," त्या म्हणाल्या. "मोठ्यांनी पलंगाखालून सुरुवात करायची."

मुकादम ओणवे होऊन पलंगाखाली शिरले. साडू दाराकडून पुसत आला. बादलीपाशी दोघांची गाठ पडली तेव्हा सासूबाई मशीनला तेल घालता घालता म्हणाल्या, "धाकटे जावई, जरा जोर लावा. ते बघा, मोठे कसं पिळताहेत, थेंब राहत नाही."

मुकादमांनी साडूकडे एक चोरटा कटाक्ष टाकला, आणि कोरडं ठणठणीत झालेलं फडकं पुन्हा एकदा पिळलं.