भाच्याचे पहिले ताट

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत, त्यांचे नाव बकाराम. ते माझ्या आईचे थोरले भाऊ. गोंदियाजवळच्या कामठ्याच्या पुढे एका लहान गावात ते ठेक्याने धानाची शेती करत. वडील गेल्यावर आई मला घेऊन त्यांच्याकडे आली आणि वर्षभरात तीही गेली. त्यानंतर माझे घर म्हणजे बकाराम मामांचे घर.

मी कलकत्त्याला निघालो तेव्हा देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षे झाली होती. नागपूरला बी. एस्सी. झालो होतो. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला, आणि गावातही पहिलाच. तिकडच्या विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्याच्या महाविद्यालयात मला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला होता. मामांनी शेजाऱ्याची रेंगी मागून आणली आणि स्वतः हाकत मला गोंदियाच्या स्टेशनवर घेऊन आले. वाटेतल्या मुर्री गावापर्यंत बैल झपाझप चालले, शहरात शिरल्यावर मोटारींना बुजू लागले. मामा त्यांच्याशी सारखे बोलत होते. माझ्याशी फारसे बोलले नाहीत.

गाडी फलाटाला लागली. मामांनी आपली काठी डब्याच्या दाराला टेकवून ठेवली आणि ते माझ्या पायांकडे वाकले.

आमच्या झाडीपट्टीत मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा लहान असो, कर्ता असो, त्याचा मान मामापेक्षा वर. भाच्याने उलट मामाच्या पाया पडायचे नसते, त्याने मामाला पाप लागते. पण माझ्या मामांचे पाय अधू होते. गुडघे आखडलेले, चालताना पाय एकमेकांत कातरीसारखे अडकायचे आणि टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत. वाकायचे म्हणजे त्यांना कमरेतून वाकून एक हात आधी जमिनीवर टेकावा लागे. तसे ते वाकले. हमाल बाजूने निघून गेला, त्याला यात काही नवल वाटले नाही. डब्यातल्या एका बंगाली गृहस्थाला मात्र वाटले. गाडी सुटल्यावर त्याने मला विचारले, तू जमीनदाराचा मुलगा आहेस काय? माझे हिंदी गोंदियाच्या बाजारातले होते. त्यात मला हे समजावता येईना. मी नुसता हसलो.

मामांचे शेवटचे शब्द खिडकीतून ऐकू आले होते. "भासेराव, भात खाजो. डोस्क्याचं काम हाय तुहं."

कलकत्त्यात भात होताच. मेसमध्ये दोन्ही वेळा सगळ्यांना भात, सोबत मोहरीच्या तेलातले मासे. पहिले काही आठवडे मला त्या तेलाचा वास सहन होईना, पुढे सुट्टीत घरी गेलो की तोच वास आठवू लागला. मी शर्ट-पॅन्ट घालू लागलो, 'लॅबोरेटरी' आणि 'डिपार्टमेंट' हे शब्द अडखळल्याशिवाय म्हणू लागलो. वर्गातली बहुतेक मुले डॉक्टरांची किंवा वकिलांची. घरी कोण असते असे कुणी विचारले की मी 'मामांची शेती आहे' एवढेच सांगत असे.

आमच्या महाविद्यालयाचे दर महिन्याला एक छापील पत्रक निघे. पहिल्या पानावर अध्यापकवर्गाच्या वार्ता असत. कोण परदेशातून शिकून आले, कुणाची बढती झाली, कुणाचा निबंध कुठे वाचला गेला. शेवटच्या पानावर संशोधनाच्या संधी. मी ते पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असे. छापलेले सगळे वाचायचे, ही गावातून आणलेली सवय.

एका महिन्यात शेवटच्या पानावर आहार विभागाच्या डॉ. लाहिरींची सूचना होती. मध्य प्रांतातल्या धानाच्या मुलखात एका डाळीमुळे पाय लुळे पडतात, त्याच्या तपासासाठी एक संशोधक सहायक हवा आहे. डाळीचे नाव लॅटिनमध्ये होते, ते मला कळले नाही. पण खाली रोग्याच्या चालीचे वर्णन होते. गुडघे अर्धवट वाकलेले, पाय एकमेकांत अडकणारे, टाचा उचललेल्या, हातात काठी. ते वाचताना मला गोंदियाचा फलाट दिसला. मी ग्रंथालयात जाऊन डाळीचे चित्र काढून पाहिले. ती आमची लाखोळी होती.

ज्यांनी आमचा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांधीत धान उभे असतानाच त्या ओलीत लाखोळी फेकतात. धान कापून झाले की ती वर येते. तिला पाणी लागत नाही, मेहनत लागत नाही. धान विकायचे आणि लाखोळी खायची. सालदाराला मजुरीसुद्धा लाखोळीतच मिळे. मामांचे पाय गेले ते लढाईच्या महागाईत. त्या वर्षी घरात तांदूळ फार थोडा होता. 'बांधीत वारा लागला' असे गाव म्हणे आणि मीही तसेच समजत होतो. लाखोळी तर सगळेच खातात, मग सगळेच का लंगडे होत नाहीत, असे म्हातारे विचारत. घरात त्या वर्षी कोणी काय खाल्ले, हे मला मुद्दाम न आठवताही आठवत होते. भाच्याचे ताट पहिले, ही आमची रीत. मी शिकत होतो, त्यामुळे माझे ताट दुप्पट पहिले. मामी मला भात वाढायची. मामा माझे जेवण होईपर्यंत ओसरीवर बसायचे. मग आत येऊन ते लाखोळीची भाकर आणि लाखोळीचेच वरण जेवत.

मी डॉ. लाहिरींकडे अर्ज केला. आमच्या गावात असे पुष्कळ लोक आहेत, असे सांगितले. ते म्हणाले की मी स्वतः येऊन पाहतो, तू म्हणतोस तसे असेल तर जागा तुझी. शिष्यवृत्ती संपत आली होती. जागा मिळाली नसती तर मला गोंदियाला परत यावे लागले असते.

मी मामांना पत्र लिहिले, आणि त्यातच घोटाळा केला. साहेब तुमचे पाय पाहायला येत आहेत, हे माझ्या लेखणीतून उतरेना. 'माझे साहेब आपले गाव पाहायला येत आहेत' एवढेच मी लिहिले.

गावाने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणे सारवलेली होती. मामांच्या दारात रांगोळी, आत पांढरा भात, कुणाकडून तरी आणलेली तुरीची डाळ, तूप. मामा दिसत नव्हते, साहेबांसमोर यायला संकोचले असतील असे मला वाटले. डॉ. लाहिरी आनंदाने जेवले, त्यांनी भात पुन्हा मागून घेतला. जेवण झाल्यावर ते गावातून एक चक्कर मारून आले. त्यांना एकही लंगडा माणूस दिसला नाही. मलाही दिसला नाही. नेहमी पारावर काठ्या घेऊन बसणारे सगळे नाहीसे झाले होते. डॉ. लाहिरी रागावले नाहीत. ते घड्याळाकडे पाहून इंग्रजीत म्हणाले की तरुण माणसे कधी कधी वाढवून सांगतात, संध्याकाळच्या गाडीला वेळ आहे ना?

मी मामीला बाजूला घेऊन विचारले. मामीला माझ्या विचारण्याचेच आश्चर्य वाटले. लंगड्यांना पहाटेच रेंग्यांमध्ये बसवून कामठ्याला सोयऱ्यांकडे पाठवले होते. "तुह्या साहेबाच्या पुढं गावाची शोभा कायले करावं?" ती म्हणाली. "लंगडं गाव म्हनून नाव झालं त पोरी कोन करन इथल्या?" मामा कुठे आहेत, असे मी विचारले. तिने पदराआडून बैलांच्या कोठ्याकडे बोट केले.

मामा बैलांच्या मागे धानाच्या तणसावर बसले होते. गवताची एक पेंढी समोर ओढून घेतली होती. बाकीच्यांबरोबर ते कामठ्याला गेले नव्हते, कारण इथल्या कुडाच्या फटीतून मी त्यांना दिसणार होतो.

"साहेब जेवले का?" त्यांनी आधी हे विचारले.

मी म्हटले, जेवले.

"भात बरा होता?"

मी म्हटले, चांगला होता.

"मंग काऊन आला इकडं? जा, साहेब एकटे बसून राहिले असतीन."

मी म्हणालो की साहेबांना तुमचे पाय पाहायचे आहेत, त्यासाठीच ते कलकत्त्याहून आले आहेत. ते पाहिले नाहीत तर माझे तिथले काम संपले.

मामा हसले. "माहे पाय? एवढ्या लांबून?" त्यांनी काठी शोधली. "आगुदर सांगाचं ना, येड्या. धुतलेलं धोतर नेसलो असतो."

ते अंगणात आले. डॉ. लाहिरींनी त्यांना चालायला सांगितले, मी ते मामांना सांगितले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. मग काठीशिवाय. शेजारपाजारच्या बाया कुडापाशी उभ्या होत्या, त्यांनी तोंडे फिरवली. मामी घरात निघून गेली. डॉक्टरांनी गुडघ्यांवर लहान हातोडी मारून पाहिली आणि मामांचे पाय आपोआप उडाले, तेव्हा मामा म्हणाले, "बैल लाथ मारते तसं होऊन राहिलं." हसले मात्र ते एकटेच.

आम्ही निघालो. मामांनी काठी भिंतीला टेकवली, एक हात जमिनीवर ठेवला आणि माझ्या बुटांना हात लावून तो कपाळाला लावला.

डॉ. लाहिरींना ते आवडले नाही. ते मला म्हणाले, त्यांना सांग की असे करायची गरज नाही, आपण कुणी हाकीम नाही.

मी म्हणालो की हे माझे मामा आहेत. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मी याच घरात वाढलो.

डॉक्टर थांबले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले, मग मामांच्या पायांकडे. नंतर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. संशोधकाने विचारायला हवा असा तोच प्रश्न होता. एकाच चुलीवर जेवलात, तर तू काय खात होतास?

"भात," मी म्हणालो.

मामांना इंग्रजी कळत नव्हते, पण त्यांनी माझे तोंड पाहिले आणि मामीला हाक मारून साहेबांना पाणी द्यायला सांगितले.

जागा मला मिळाली. त्याच आठवड्यात कामठ्याहून रेंग्या परत आल्या. पुढे मी पुन्हा पुन्हा जाऊन सगळ्यांना तपासले. एका शेजाऱ्याने पारावर सर्वांसमोर म्हटले की बकारामाच्या भास्याने मामाचे पाय विकून नोकरी घेतली. मामांनी त्याला उत्तर दिले ते मला मामीने सांगितले. "विकले त विकले. घरी पडून का करत होते ते?" त्या माणसाने ते चेष्टेवारी नेले. मी अजून नेऊ शकलेलो नाही.

आमच्या छापील निबंधात पहिले उदाहरण एका चुलीवरच्या दोन माणसांचे आहे. नावे दिलेली नाहीत. एक प्रौढ शेतकरी, आहार मुख्यतः डाळ, पाय लुळे. त्याच घरातला एक मुलगा, आहार भात, पाय निरोगी. सोबत गुडघ्यांखालचा एक फोटो आहे, त्यात चेहरा नाही. धोतराचा मळलेला काठ दिसतो. डॉ. लाहिरी म्हणतात की एवढे स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही. लोकांनी लाखोळी सोडावी म्हणून मी गावोगाव बोलतो, पण विकायचे धान खायला कसे राखून ठेवायचे याचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि मामांच्या पायांना औषध नाही.

या महिन्याच्या पत्रकात, पहिल्या पानावर, अध्यापकवर्गाच्या वार्तांमध्ये माझे नाव आले. आहार विभागात अध्यापक म्हणून कायम नेमणूक. वर्गमित्रांनी हात मिळवले, मेसमध्ये संदेशाची मिठाई वाटली. मी ते पान खोलीत आणून ठेवले. एके काळी मी पत्रकाचे शेवटचे पान वाचले होते आणि त्यातून पहिल्या पानावर आलो. मधले अंतर मामांनी अंगणात चालून कापले होते, तेही काठीशिवाय.

गाव सोडून नागपूरला, भिलाईला, आणखी दूर गेलेले आमच्याकडचे पुष्कळ लोक आहेत. त्यांना घराची आठवण येते तेव्हा काय आठवते ते मला माहीत नाही. मला एक ताट आठवते, आणि ओसरीवर वाट पाहत बसलेला माणूस. मामा चौथीपर्यंत शिकलेले आहेत, अक्षर मोठे काढले तर वाचतात. काल मी त्यांना मोठ्या अक्षरात पत्र पाठवले. ते असे:

"मामा,

मला इथे कायमची नोकरी मिळाली. पेपरात नाव आले आहे, तो कागद सोबत पाठवतो. तो इंग्रजीत आहे, मास्तर वाचून दाखवतील. हे पत्र मात्र तुम्ही स्वतः वाचा.

माझे पाय चांगले आहेत ते तुम्ही भात खाल्ला नाही म्हणून. हे मी साहेबांना सांगितले, पुस्तकात लिहिले, शंभर मुलांसमोर वर्गात सांगतो. तुम्हाला कधी सांगितले नाही. तुम्हाला ते माहीत होते की नाही, हे विचारायची मला लाज वाटते.

धान निघाल्यावर मी येतो. तांदूळ घेऊन येईन, मामीला म्हणावे तुरीची डाळ कुणाकडे मागू नको. त्या दिवशी पहिले ताट तुमचे. तुमचे होईपर्यंत मी ओसरीवर बसेन.

आणि स्टेशनवर येऊ नका, काठी बाजूला ठेवून वाकू नका. भाचा मामाच्या पाया पडला तर मामाला पाप लागते, असे मामी म्हणेल. ते पाप माझ्या नावावर घाला. या वेळी मी वाकेन. माझे गुडघे वाकतात.

तुमचा भासा,
हरी"