आत्याचा मान

पाथरीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या अनसूयाबाईंना पट्ट्याच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली होती. घरी आल्यावरही तो आवाज कधी खाली आला नाही. दळण जाड आलं म्हणणाऱ्याचा डबा त्या सरळ रस्त्यावर नेऊन ठेवत. घरात तर त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती.

नातवाचं बारसं ठरलं आणि पुण्याहून लेक वैदेही आली ती नाक ओढत, डोळे लाल करून. सून अपेक्षा, त्या तान्ह्या पोराची आई, दबकत म्हणाली, "आई, ताईंला ताप हाय. त्यांनी लांबूनच..."

"लांबून?" अनसूयाबाई कडाडल्या. "आत्यानं कानात नाव न्हाई सांगितलं तर त्याला बारसं म्हणायचं व्हय? सर्दीपडशानं कुणाला काय होतंय? लय शहाणी झालीस!"

झालं. वैदेहीनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' केलं, 'नचिकेत' म्हटलं, बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले आणि तिनं दाबून धरलेला खोकला थेट बाळाच्या तोंडावर फुटला. बायका खो खो हसल्या. हसण्यासारखं काय होतं त्यात, देव जाणे!

दोन-तीन दिवसांत पोर तापलं, दूध ओढेना, बरगड्या आत खेचल्या जाऊ लागल्या. अनसूयाबाई दृष्ट काढायला मीठ-मिरच्या घेऊन बसल्या. अपेक्षानं त्यांच्या मांडीवरून पोर उचललं आणि परभणीची जीप धरली. अनसूयाबाई मागून धावत जीपमध्ये चढल्या.

"फ्लू आहे," डॉक्टर म्हणाले. "इतक्या लहान बाळाला त्याची लसही देता येत नाही. आजारी माणसाला लांब ठेवायचं असतं हो!"

अनसूयाबाईंनी तिथंच फोन लावून लेकीवर तोंड सोडलं. "अक्कल गहाण टाकली होतीस का, भवाने?"

"मी येत न्हाई म्हणले होते की!" वैदेहीचं रडणं अपेक्षालाही ऐकू गेलं. "गोळी खाऊन ये, कुणाला सांगू नको, असं तूच म्हणलीस."

अनसूयाबाईंनी फोन बंद केला. सून आपल्याकडे बघतेय हे कळत होतं, पण मान वर करायची हिंमत होईना.

बाळ पुन्हा दूध ओढू लागलं, त्या सकाळी नर्सनं कौतुकानं विचारलं, "नाव काय ठेवलं पिल्लाचं?"

अनसूयाबाईंनी सवयीनं तोंड उघडलं.

"ठेवायचंय अजून," अपेक्षा ताडकन म्हणाली. "घरी गेल्यावर मी ठेवीन. पाळण्यापाशी दुसरं कुणी लागत न्हाई."