अक्काच्या गळ्यापर्यंत उतरलेल्या तारा

बारा तारांची गिटार घरात आल्यापासून वसमतच्या आमच्या गल्लीत मला दोन प्रकारचे लोक भेटतात. एक विचारतात, "सर, वाजवणार कधी?" दुसरे विचारतात, "सर, दुरुस्त होणार कधी?" दोघांचंही चुकत नाही. साधी गिटार माणूस वाजवतो. बारा तारांची गिटार माणूस मुख्यतः लावत बसतो. तिच्या तारा जोड्यांनी असतात. जाड तारेला खेटून एक बारीक तार, आणि दोघींचा स्वर एकच, फक्त बहुतेक जोड्यांत बारकीचा वरच्या सप्तकातला. एकाच घरात दिलेल्या दोन जावांसारखं त्यांचं चालतं. एकीला समजावून खाली आणावं, तोवर दुसरी वर चढलेली असते.

पण सगळ्या जोड्या जुळल्या आणि अंगठा एकदा सावकाश सगळ्यांवरून फिरला, की जे होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आपण एक तार छेडलेली असते. उत्तर मात्र कपाट देतं, कपाटावरचा स्टीलचा डबा देतो, आपल्याच छातीचं हाड देतं. खोलीत कुणीतरी मोठं माणूस येऊन उभं राहावं तसं वाटतं. पहिल्यांदा तो आवाज मी आखाडा बाळापूरच्या स्टँडवर मोबाईलवर ऐकला, आणि माझी बस माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेली. मी तिला हातही केला नाही. पुढे नांदेडच्या एका गृहस्थाकडून जुनी गिटार घेतली. देताना ते एवढंच म्हणाले, "परत मात्र आणू नका."

ही गिटार मी नखांनी वाजवायला शिकत होतो, म्हणून उजव्या हाताची नखं वाढवलेली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. सोमवारी प्रार्थनेनंतर वर्गात नखं तपासायचं कामही माझ्याकडेच. एका सोमवारी एक पोरगी हात पुढं करून म्हणाली, "सर, आमी दाखवली. आता तुमी दाखवा की." मी उजवा हात खिशात घातला आणि आवाजाचा धडा काढला.

या गिटारीच्या तारा नेहमीच्याच स्वरांत ठेवाव्यात असं काही नाही. कित्येक वाजवणारे खुंट्या फिरवून त्या अशा लावतात, की डाव्या हाताचं बोटही न टेकवता नुसत्या मोकळ्या तारांतून एक भरलेला, जुळलेला नाद निघतो. तंबोऱ्यासारखा, पण पोटभर जेवलेल्या तंबोऱ्यासारखा. मग अंगठ्यानं खालचे स्वर चालू ठेवायचे आणि बाकीच्या बोटांनी वर चाल वाजवायची. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं-तिघं बसलेत. माझं ऐकणाऱ्यालाही तसंच वाटायचं. फक्त त्या दोघा-तिघांचं आपसात पटत नसायचं.

आता अक्काकडे येतो. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, बाळापूरजवळच्या एका गावात दिलेली. आमच्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या, आणि पाळणाही तीच सुरू करते. आमच्या भावकीत कुणाचंही बारसं असो, पाळण्याला अक्काच लागायची. तिचा आवाज उंच, धारदार. आणि ठरलेला पाळणा संपला की ती आपल्या मनाच्या ओळी जोडायची. बाळाच्या बापाची, मामाची, आजीची, कुणाची म्हणून सुटका नसे. पुढे गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि आवाज खाली उतरला तो उतरलाच. फोनवर लोक तिला म्हणायचे, "दाजी, जरा अक्काला द्या की." ती हसून सांगायची, "अक्काच बोलून राहिली." पण त्यानंतर कुठल्याही बारशात ती गायली नाही. पाळण्याची वेळ झाली की चुलीकडं काहीतरी काम काढायची.

आणि अशात, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, आमच्या घरी पोरगी आली.

बायको माहेराहून लेकरू घेऊन आली, बारसं ठरलं, आणि अक्का आठवडाभर आधी येऊन राहिली. आल्या आल्या तिनं मला बजावलं, "नाव कानात सांगीन. पाळणा दुसऱ्या कुणाला म्हणाय लाव. मला आग्रह करू नको."

मी आग्रह केला नाही. मी त्याहून वाईट केलं, मी योजना आखली. तिच्या जुन्या पाळण्याचं एक रेकॉर्डिंग माझ्या मोबाईलवर होतं. माझा हिशोब असा, की गिटार त्या जुन्या उंच स्वरात लावायची, तारांचा आधार मिळाला की अक्काचा आवाज आपोआप वर चढेल. वेलीला काठी लावतात तसं. बारा तारांचा ताण फार असतो, म्हणून त्या उलट थोड्या उतरवूनच ठेवाव्यात, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी खुंट्या पिळत गेलो. गिटारीच्या पोटातून कुरकुर आवाज आला. तो मी नाद समजलो. मग सर्वांत बारीक तार तुटली आणि माझ्या गालावर रेघ ओढून गेली.

बायको लेकरू घेऊन धावत आली. "अहो, डोळा गेला असता! बारशात लोकांनी लेकराचं तोंड बघायचं का तुमच्या गालावरची पट्टी?"

अक्का दारातून म्हणाली, "कोन्या मांजरीनं वरबाडलं म्हनून सांगायचं?"

त्यानंतर मी गिटारीला जाम घाबरलो. दिवाळीत फटाका पेटवताना करतो तसं तोंड दुसरीकडे वळवून, हात लांब करून, मी एकेक खुंटी सैल केली. तारा धोक्याच्या वाटेनाशा होईपर्यंत उतरवल्या. नवी तार बसवली आणि अंदाजानं सगळ्या एकमेकींशी जुळवून घेतल्या. बऱ्याच खाली आल्या होत्या, पण जुळल्या होत्या. नेमक्या कोणत्या स्वरात आल्या, हे पाहून ठेवायची अक्कल मला सुचली नाही. गिटार पुढच्या खोलीतल्या बाजेवर आडवी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो, तर घर शांत. बाहेर कुठंतरी हळद शिजत होती, तिचा उग्र वास घरभर. पुढच्या खोलीत अक्का मांडीवर लेकरू घेऊन बाजेवर बसलेली, दाराकडे पाठ. ती गुणगुणत होती. शब्द नव्हते, तो नवा जाड आवाज नुसता चालला होता. मी दारातच थांबलो.

अक्का एका स्वरावर आली आणि खोलीत दुसरं कुणीतरी गायला लागलं.

ती गप्प झाली. तो आवाज मात्र गप्प झाला नाही. थोडा वेळ तसाच राहिला, मग विरत गेला.

"कोन हाय?" अक्का म्हणाली. मला नव्हे, बाजेकडं बघून.

तिनं पुन्हा तोच स्वर लावला, अगदी हळू, खिडकीतून डोकावून बघावं तसा. गिटारीच्या जाड तारा, कुणाचं बोट न लागता, तिच्या स्वरात बोलू लागल्या. मागून बारक्या तारा, वरच्या सप्तकात. मी आठवीला हेच शिकवतो. एक नादकाटा वाजवला तर शेजारचा त्याच स्वराचा नादकाटा आपोआप कंप पावतो. प्रयोग दरवर्षी करून दाखवतो, पोरं टाळ्या वाजवतात. तो नियम मला तोंडपाठ आहे, आणि त्या दुपारी माझ्या हातावर काटा उभा होता.

"अक्का," मी म्हणालो, "ती तुलाच उत्तर देऊन राहिली."

"मला? काहून?"

"तुझा स्वर तिच्यात हाय."

तिनं गिटारीकडं एकदा वळून पाहिलं. मग पदरानं लेकराचं तोंड पुसलं, त्याला काही लागलेलं नसताना. "दवाखान्यातून आल्यापासून," ती म्हणाली, "मला वाटायचं ह्यो आवाज कुनाचाच न्हाई."

तिनंच अट घातली. "बारशाच्या दिवशी तुझ्या ह्या डब्ब्यानं असाच हुंकार दिला, तर म्हनीन पाळणा. न्हाई तर मी चुलीकडं."

बारशापर्यंत मी त्या ट्यूनिंगला पाहुण्यासारखं जपलं. खुंट्यांना हात लावला नाही. रोज अंगठ्याचे खालचे स्वर आणि वर पाळण्याची सोपी चाल, एवढंच घटवलं.

बारशाच्या दिवशी दारात मांडव. पाळणा सजवलेला, बायकांचा गलका, ढोलकीवाला येऊन बसलेला. मी आतून गिटार आणली, ऐटीत मांडी घातली, अंगठा फिरवला. भांड्यांची फळी कोसळावी तसा आवाज झाला.

अक्काचे यजमान, आमचे दाजी, समाधानानं पुढं सरकले. दाजी खाटा-बाजा विणण्यात तरबेज. त्यांनी ओढलेल्या बाजेवर नाणं टाकलं तर उडतं. "सकाळी बघितलं," ते म्हणाले, "समद्या ढिल्या पडल्या व्हत्या. दिल्या कसून. एक बी सोडली न्हाई."

मी पाहुण्यांसमोर आणि तेही बहिणीच्या नवऱ्याला काय बोलणार? "लई उपकार झाले, दाजी," म्हणालो. मोबाईलवरचं ट्यूनर लावलं. बायकांच्या गलक्यात त्याची सुई पिसाळल्यासारखी फिरू लागली. ते लावूनही उपयोग नव्हता म्हणा, कुठं उतरायचं तेच मला ठाऊक नव्हतं. समोर अक्का उठून उभी राहिली. तिची नजर चुलीकडे गेलेली मी पाहिली.

त्या क्षणी मला जे सुचलं ते हुशारीनं नव्हे, घाबरून सुचलं. "अक्का," मी मोठ्यानं म्हणालो, "स्वर माझ्याकडं न्हाई. तुझ्याकडंच हाय. तू दे, मी तारा तिथवर उतरवतो."

"आत्ता? इतक्या मानसांत?"

"न्हाई तर तारा अशाच कसलेल्या ऱ्हातील."

ती उभीच होती. लेकरू पाळण्यात चुळबुळलं. अक्कानं डोळे मिटले आणि तो खालचा, जाड स्वर लावला. एका कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. मी पहिली खुंटी सैल करू लागलो. तार खाली येत गेली, अक्का तिथंच थांबलेली. तार तिच्याजवळ आली तसा दोघींच्या मध्ये एक थरथर सुरू झाली, आधी भराभर, मग सावकाश, आणि मग ती थरथर संपली. तार आणि गळा एक झाला. हसणारं कोण होतं, नंतर कळलंच नाही.

मी दुसरी घेतली. अक्का श्वास घ्यायची, पुन्हा तोच स्वर द्यायची. पुढं तिला म्हणालो, "आता वरचा," तर ती वरच्या स्वरावर गेली. एकेक तार उतरत होती आणि उतरलेल्या सगळ्या, मी हात न लावता, तिच्याबरोबर बोलत होत्या. गलका थांबला. ढोलकीवाल्यानं हात मांडीवर ठेवले. बायकोनं माझ्याकडं पाहिलं, लग्नात पाहिलं असेल तसं. शेवटची खुंटी जुळली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अक्का तर केव्हाची गाते आहे.

मी अंगठा चालू केला. तिनं पाळणा धरला. तिचा जुना आवाज घराच्या पत्र्यावरून पलीकडे जायचा. हा आवाज जमिनीतून यायचा, बसलेल्या माणसांच्या मांड्यांतून वर चढायचा. ढोलकीवाल्यानं एकही थाप मारली नाही. आणि शेवटी तिनं आपल्या मनाची ओळ जोडलीच:

बापानं गं तुझ्या, बाई, बारा तारा ताणल्या,
गालावरती रेघ घेऊन मांडवात आणल्या.

मांडव हसला, आणि मी एक जोडी चुकलो. मग वाकून तिनं लेकराच्या कानात नाव सांगितलं.

पेढे वाटताना दाजी माझ्याजवळ आले, गिटारीवर वाकले. "आता तर पहिल्यापरीस ढिल्या दिसून राहिल्या," ते हळूच म्हणाले. "परत कसून देऊ का?"

पाळण्यापाशी उभी अक्का तिथूनच गरजली, "हात तर लावून बघा!"

माझ्या मांडीवर, कुणी न छेडलेल्या तारा तिच्याबरोबर दाजींवर गरजल्या.